‘बंद हाय’ म्हणण्याआधी

नेकनूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या शिवांजलीबाई बारावीच्या मुलांना एक गोष्ट दरवर्षी बजावत. सर्किटमध्ये दोन-तीन लूप असले की प्रत्येकात करंटची दिशा आधी धरून चालायची. धरली की बदलायची नाही. चुकीची धरली असेल तर उत्तर उणे येतं. "आणि उणे आलं म्हणून खोडायचं नाही. गणित बरोबर असतं, आपला समज चुकलेला असतो."

सांगायला काय जातं? त्याची किंमत बाईंना पुढे कळली.

त्यांचा धाकटा भाऊ अमरनाथ केजजवळच्या आपल्याच गावात लाइनमन होता. खांबावर चढण्याआधी तो शेतकऱ्यांना फोन लावी, "मोटर बंद हाय का?" पलीकडून उत्तर येई, "बंद हाय." उठून बघायला कोण जातो! त्या दुपारी डीपीचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून सगळी लाइन बंद करायचं हँडल गंजून अडकलेलं, म्हणून त्यानं तीन फेजांपैकी काम असलेल्या एकाच फेजचा फ्यूज काढला. त्या लाइनवर दोघांच्याच मोटरा होत्या, मेंढरंवाल्या सुग्रीवची आणि वडलांची, गुंडप्पांची. दोघंही "बंद हाय" म्हणाले. अमरनाथनं त्या फेजच्या तारेला हात घातला. तार जिवंत होती.

फ्यूज काढल्यावर सुग्रीवच्या खोपीतला बल्ब विझला होता, तो थोड्या वेळानं पुन्हा मिणमिणू लागला. त्यानंच हे भोळेपणानं सांगितलं, आणि गावानं ते त्याच्याच गळ्यात बांधलं. याच्या शेतात करंट होता, म्हणजे याचीच मोटर चालू होती! न्याय करायला आपल्या गावांना वेळ लागत नाही. गुंडप्पांनी सुग्रीवचं नाव टाकलं. गावात किराणा दुकान त्यांचंच एक, त्याची पायरी सुग्रीवच्या घराला बंद केली. त्याची बायको संगीता मिठाच्या पुड्यासाठी भर उन्हात केजला जाऊ लागली.

एका रविवारी शेतात गुंडप्पा लेकीला म्हणाले, "तू शिकलेली हायस. सुग्रीवनं माझं लेकरू कसं मारलं, ते मला मांडून दाखव."

शिवांजलीनं खडू घेतला आणि मोटरच्या खोलीच्या फरशीवर सर्किट काढलं. सुग्रीवच्या शेताकडून खांबाकडे बाण केला. तिच्याही मनात तीच दिशा होती. समीकरणं मांडली, सोडवली. उत्तर उणे आलं. पुन्हा सोडवलं, पुन्हा उणे.

म्हणजे करंट सुग्रीवकडून आलाच नव्हता, तारेतून त्याच्या बल्बकडे जात होता. मग तारेत तो घातला कुणी? दुसरी मोटर एकच होती, अप्पांची. तिला ऑटो स्विच लावलेला, लाइट आली की थोड्या वेळानं मोटर आपोआप सुरू करणारा. बाकीचे दोन फेज चालूच होते, त्यांवर ऑटोनं मोटर उचलली, आणि तिच्या वाइंडिंगच्या वेढ्यांतून करंट उलटा फिरून त्या मेलेल्या तारेत शिरला.

फरशी पुसून टाकावी, असं तिला फार वाटलं. मुलगा गेलेल्या बापाच्या पदरात हे कसं घालायचं? पण उन्हातून मीठ आणणारी संगीता डोळ्यांपुढून हलेना. तिनं सगळं सांगितलं.

गुंडप्पांनी त्या बाणावर बोट ठेवलं. "पन मोटर गप व्हती, माय. आवाज न्हवता. म्हनून म्हनलो, बंद हाय."

"तेव्हा गपच होती, अप्पा. तुम्ही खोटं नाही बोललात. ऑटोनं नंतर उचलली."

"मंग सुग्रीव?"

"त्याची खरंच बंद होती."

म्हातारा तिथंच बसून हमसून हमसून रडला. लेकीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिलाही रडू आवरत नव्हतं.

संध्याकाळी गुंडप्पा एकटेच सुग्रीवच्या दारात गेले. काय बोलणं झालं, कुणी ऐकलं नाही. संगीता मात्र आता मीठ त्यांच्याच दुकानातून नेते.

पुढे नवा लाइनमन आला, बंकट. त्याचा फोन आला, "अप्पा, मोटर बंद हाय का?"

"थांब. मी येस्तवर चढू नगं."

ते शेतात गेले, ऑटो बंद केला, बोर्डावरचे सगळे फ्यूज काढून मुठीत घेतले आणि खांबाकडे निघाले. पलीकडच्या बांधावरून सुग्रीवही येत होता, त्याच्याही मुठीत फ्यूज होते. बंकट खाली उतरेपर्यंत दोघं खांबाखाली शेजारी उभे राहिले.