तुही बारी

"वाच. मोठ्यानं वाच."

सरांनी माझा प्रोग्राम प्रोजेक्टरवर लावला होता. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, आणि ती मी लिहिलेली: तुमची पाळी आली. पत्ता टाका.

आधी मागचा बाक हसला. मग सगळा वर्ग. पत्त्यातली पाळी कोणाच्याच डोक्यात नव्हती, दुसरीच होती. देवाशपथ सांगते, ते हसेपर्यंत माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

मी वाचलं. "तुमची पारी आली."

"पारी नाही. ळ. पाळी. म्हण."

आमच्या गोंदियाजवळच्या, गोरेगावकडच्या गावात ळ नाही. डोळ्याला डोरा, काळ्याला कारा. जीभ वळतच नाही तिकडं. सर म्हणाले, पुन्हा. मी पुन्हा म्हटलं. सात वेळा. ओढणीचं टोक मुठीत धरून, भिंतीकडं बघत. मागून एक पोरगा ओरडला, "सर, इसकी हर बाजी में आती है क्या?" आणि सर हसले. त्यांनी त्याला गप्प केलं असतं तर मी आज हे सांगत बसले नसते.

"बस खाली," शेवटी ते म्हणाले. "तुम्ही सगळ्या कॉम्प्युटरच्या मागं लागलात तर धान कोण लावणार?"

तुम्हाला समजावं म्हणून हे सगळं पुस्तकी मराठीत सांगते आहे. तेवढं ऐकून घ्या.

बीएस्सीचं दुसरं वर्ष. गोंदियातलं कॉलेज. प्रत्येकानं एक छोटा प्रोग्राम करायचा होता. मी पत्त्यांचा भिकार-सावकार घेतला, कारण उन्हाळ्याच्या दुपारी मी आणि माय तोच खेळतो. एकेक पत्ता टाकायचा, आकडा जुळला की खालचे सगळे उचलायचे. ज्याचे पत्ते संपले तो भिकार. चित्रं मला काढता येत नव्हती, म्हणून नुसती अक्षरं: बदाम सत्ती, इस्पिक गुलाम.

घरी कॉम्प्युटर नाही. पहिल्यांदा पडद्यावर लाल अक्षरं आली तेव्हा मशीन बिघडवलं असं वाटून मी खुर्चीवरून उठूनच गेले होते. एका ओळीच्या शेवटी दोन ठिपके द्यायचे राहिले होते, बाकी काही नाही. मग गुलामावर गुलाम पडला तरी जुळेना. चार दिवस शोधलं. एका गुलामाच्या मागं रिकामी जागा पडली होती, मशीनला तो वेगळाच गुलाम वाटत होता. ती जागा काढली आणि जुळला. लॅबमध्ये एकटीच हसले मी, येड्यासारखी.

तेव्हा मी लिहिलं होतं, तुही बारी. पत्ता टाक. माय म्हणते तसंच, तुझीला तुही.

सरांनी प्रिंटवर लाल पेनानं त्याभोवती गोल केला. बाजूला लिहिलं, "गावंढळ. प्रमाण मराठी वापरा." मी शाळेतला जुना शब्दकोश काढला. बारी म्हणजे पाळी. इमानदारीनं उतरवलं. वर आदर म्हणून 'तुमची' घातलं. त्याच शब्दावर त्यांनी मला उभं केलं.

त्यानंतर तीन दिवस मी घरून निघालेच नाही. एसटीचा हॉर्न वाजला की मी आतल्या खोलीत जाऊन बसायची. सरांची सही नसली तर विषय राहतो, आणि बाबानं आधीच सांगून ठेवलं होतं: एक विषय राहिला की कॉलेज बंद, रोवण्याला चाल, धान लावायला.

माय तांदूळ निवडून राहिली होती. "काऊन नाई जाऊन राहिली वो?"

सांगितलं. रडत सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"बारी लिहिल्यावर तुह्या मशीनचा पत्ता नाई पडत का?"

"पडते."

"मंग कायले बदलली?"

कायले? भ्याले म्हणून. चूक होती म्हणून नाही. बारीवर मशीननं कधी लाल अक्षरं दाखवली नव्हती. लाल पेन सरांचं होतं. एवढी साधी गोष्ट, आणि ती मला तांदळाच्या सुपापाशी कळली. राग आला. सरांचा आला, त्याहून जास्त माझा आला.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी ओळ परत जशीच्या तशी लिहिली. तुही बारी. पत्ता टाक. मागून बुटांचा आवाज आला आणि माझ्या खुर्चीपाशी थांबला.

"परत तेच? बदल. मग सही करतो."

बोट बॅकस्पेसवर गेलं. खोटं कशाला सांगू, गेलं. बाबा दिसला, चिखल दिसला, सगळं दिसलं. मग बोट उचललं.

"नाई बदलत जी. चूक असन तं दाखवा. मशीन तं दाखवत नाई."

मी उठले, कीबोर्ड त्यांच्याकडं सरकवला. "तुमची बारी आहे. टाका जी पत्ता."

त्यांनी कीबोर्डला हात लावला नाही. माझी वही सही न करता टेबलावर आपटली आणि पुढच्या मुलाकडं गेले.

विषय राहिला. बाबाला अजून सांगितलेलं नाही. आज संध्याकाळी सांगणार आहे. माझी भीती मेली असं कोणी समजू नका. ती आहे, रोज माझ्यासोबत एसटीत बसते. पण कॉलेज मी सोडत नाही. रोवण्याला जाईन, आणि परीक्षेलाही परत बसेन. हाच खेळ मांडीन, हीच ओळ ठेवीन. ळ म्हणून दाखव म्हणाले तर आठव्यांदा म्हणणार नाही.

मी माझा पत्ता टाकला आहे. आता त्यांची बारी.