पाळकसाहेबांनी टाळलेला उतारा

आमच्या शेजारचे पाळकसाहेब स्वतःच्या उपदेशाला जेवढे घाबरतात, तेवढं त्यांच्या मंडळीतलं कोणीही घाबरत नसेल. रविवारी चर्चमध्ये बायबलच्या ज्या उताऱ्यावर बोलायचं, तो ते सोमवारीच अभ्यासाला घेतात. जाड जाड ग्रंथ असतातच, पण खरा अभ्यास उंबऱ्याबाहेर. ‘जे मी केलं न्हाई ते लोकांना कुठल्या तोंडानं सांगू?’ हा त्यांचा हट्ट, आणि तो निस्तरायचा आम्ही शेजाऱ्यांनी. एक कोस चल म्हणणाऱ्याबरोबर दोन कोस जावं, हा उतारा होता त्या आठवड्यात एका परगावच्या माणसानं त्यांना माधवनगरचा बसथांबा विचारला. साहेबांनी त्याला गप्पांच्या नादात थेट सांगलीपर्यंत चालवलं. बिचाऱ्याला जायचं होतं तासगावला. अंगरखा मागणाऱ्याला झगाही द्यावा, या उताऱ्यापायी माझा कोट गेला. लग्नाला म्हणून उसना नेला आणि स्टँडवर कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्याला देऊन आले. मी चिडलो, तर म्हणतात, ‘आवं, थंडी त्याला वाजत हुती, तुमाला न्हाई.’

असा हा माणूस एका उताऱ्याला मात्र टाळत आला. वेदीपाशी दान घेऊन गेल्यावर आठवलं की भावाचं मन आपल्याविषयी दुखावलंय, तर दान तिथंच ठेवून आधी भावाशी समेट करावा, असा तो उतारा. तो नेमलेला दिसला की साहेब साताऱ्याच्या पाळकांशी रविवार बदलून घ्यायचे. कारण थोरला भाऊ आटपाडीला. आई इथं वारली तेव्हा भावाची एसटी वाटेत बंद पडली, आणि वेळेचे पक्के आमचे साहेब, ठरल्या चारला माती उरकून मोकळे. ‘आईचं तोंड बघायचं तुझ्यामुळं ऱ्हायलं,’ एवढंच बोलून भाऊ पाणीही न घेता परत फिरला. त्याला अकरा वर्षं झाली.

यंदा साताऱ्याचे पाळक आजारी पडले आणि बदली मिळेना. शनिवारी सकाळी साहेब माझ्या दारात उभे. ‘संगट येता का? एकट्याला धीर हुईना.’ भावापुढं काय बोलायचं, ते एसटीत त्यांनी विट्यापर्यंत सात वेळा बदललं. भाऊ अंगणात खाटेवर बसला होता. साहेबांनी पाय धरले, ‘दादा, चुकलो,’ म्हणाले, पाठ केलेलं बाकी सगळं विसरले. भावानं त्यांना निरखून पाहिलं. ‘बसा पाव्हनं, चा घ्या. माझा धाकटा यायचा हाय. पाळक हाय त्यो. मी रागाच्या भरात लय बोललो त्याला. आता राग न्हाई, तेवढं सांगायचं हाय.’ भावाच्या सुनेनं आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, मामा हल्ली कुणाला ओळखत नाहीत.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये गाणी झाली, प्रार्थना झाली, उपदेश झाला नाही. मी त्यांना समजावलं, अहो, माफी तर मिळाली. ‘मला मिळाली. पन त्याच्या मनातून ती अजून द्यायची ऱ्हायलीया.’

आता साहेब दर शनिवारी आटपाडीला जातात. दोघं भाऊ खाटेवर शेजारी बसतात आणि रस्त्याकडं बघत राहतात. मला राहवेना म्हणून विचारलं, तुम्ही कोण ते त्यांना सांगत का नाही?

‘दर खेपेला सांगतो की,’ साहेब म्हणाले. ‘त्यो म्हनतो, तुमी दिसताय बी त्याच्यावानी. जरा दम धरा, येईलच एवढ्यात.’