उडी कोणी मारली

त्याने बुटाच्या टोकाने माझी हनुवटी वर उचलली.

ऑफिसच्या टीमबरोबर पॅराशूटच्या उड्या मारायला आलो होतो आणि मी हँगरमधल्या कार्पेटवर पालथा पडलो होतो. हात पसरायचे, पाय मागे वर, छाती आणि हनुवटी उचललेली. विमानातून उडी मारताना शिकाऊ माणसाने अंग असंच ठेवायचं असतं. आकसलात तर हवेत कोलांट्या खाल, पॅराशूटच्या दोऱ्या अंगाभोवती गुंडाळतील. शिकवणारा म्हातारा गोरा पूर्वी सैन्यात उड्या मारायचा. माझ्याकडे बघून म्हणाला, "धिस इज अ‍ॅन आर्मी एक्झिट." सैनिक दारातून उडी घेतात ती हनुवटी छातीला टेकवून, पाय जुळवून, अंग चोरून. त्यांना तसं शिकवतात. माझं अंग न शिकवताच तसं होत होतं.

"अरे, यांच्यात मान वर करायची पद्धतच नाही," आमचा टीम लीड मराठीत म्हणाला आणि बूट पुढे केला. "पिढ्यान्‌पिढ्यांचं ट्रेनिंग आहे यार. एका दिवसात कसं जाईल?"

टीम हसली. सगळे मराठी. पुण्याचे, मुंबईचे. एक नागपूरचा. दर रविवारी माझ्या घरी मटण खायला यायचा. तोही हसला.

"व्हॉट डिड ही से?" म्हाताऱ्याने विचारलं.

"जस्ट चीअरिंग हिम ऑन," लीड म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "हो की नाही रे?"

मी मान डोलावली. वर हसलोसुद्धा.

का हसलो? सांगतो. साल २००६. टेक्सासमधलं प्लेनो. बायको आणि बालवाडीत जाणारी मुलगी तिथेच होत्या. व्हिसा संपत आला होता. ग्रीन कार्डची फाइल लीडने 'हा माणूस हवा' म्हटल्याशिवाय वकिलाकडे जाणार नव्हती. हे त्यालाही ठाऊक होतं. माझी जात तर त्याला आडनाव ऐकल्या दिवसापासून ठाऊक होती. बाकीचे त्याला अभय म्हणायचे. मी सर म्हणायचो. त्याने कधी 'नको म्हणूस' म्हटलं नाही.

विमान छोटं होतं. आमच्या फेरीत आम्ही दोघंच, बरोबर म्हातारा. लीडला पहिला मान हवा होता, म्हणून तो दाराशी बसला. वर गेल्यावर दार उघडलं. वारा कानफटात मारल्यासारखा आत घुसला. बाहेरच्या पायरीवर पाय ठेवायचा, पंखाखालचा दांडा धरायचा, लटकायचं आणि सोडायचं. पॅराशूटची पट्टी विमानाला बांधलेली असते, ते आपोआप उघडतं. लीडने एक पाय बाहेर ठेवला. लगेच आत ओढला. "नो, नो, नो." माझा पट्टा त्याने दोन्ही हातांनी गच्च धरला. सैन्यात दारातून मागे फिरलेल्याला माफी नसते, पण इथे कोणी ढकलत नाही, हे म्हाताऱ्याने सकाळीच सांगितलं होतं. त्याने लीडला शांतपणे मागे सरकवलं आणि मला विचारलं, "रेडी?"

माझीही फाटली होती. तरी गेलो. दांडा धरून लटकलो, छाती पुढे केली आणि हात सोडले.

वाऱ्याने मला लांबच्या कुरणात नेऊन टाकलं. न्यायला पिकअप आला. एक गोरी बाई चालवत होती. शेजारी लीड. तोवर विमान उतरलं होतं, लीड टीमकडे न जाता थेट गाडीत बसला होता आणि म्हातारा दुसऱ्या गिऱ्हाइकांना घेऊन पुन्हा वर गेला होता. मी पॅराशूटचं बोचकं पोटाशी धरून लीडच्या शेजारी बसलो.

"उतरल्यावर हे माझ्याकडे दे," तो मराठीत म्हणाला.

"काय, सर?"

"पॅराशूट. उडी मी मारली. तू डोअरमधून रिटर्न आलास. दोघांचे सूट सेम आहेत, खालून कोणाला काय दिसलंय? मंगळवारी तुझी फाइल लॉयरकडे पाठवतोय. विचार कर."

मी देणार होतो. खोटं कशाला बोलू? मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि हात सैल पडले. एवढ्यात तो हसून म्हणाला, "टेन्शन नको घेऊ. तुझ्याबद्दल असं ऐकून कोणाला आश्चर्य वाटणार नाही."

तिथे माझ्या डोक्यात सणक गेली. कारण तो बरोबर बोलत होता. त्याचा भित्रेपणा माझ्या नावावर सहज खपला असता. आमच्या नावावर काहीही खपतं.

हँगरपुढे टीम कॅमेरे घेऊन उभी होती. उतरताना त्याने बोचकं ओढलं. मी सोडलं नाही.

"सोड."

"नाही. उडी मी मारली. हा दारातून परत आला."

हा. सर नाही.

त्याचा चेहरा उतरला. मग दात खाऊन म्हणाला, "शेवटी जातीवर गेलासच ना?"

"व्हॉट डिड ही से?" त्या बाईने विचारलं.

"नथिंग. जस्ट अ जोक."

"नॉट अ जोक," मी म्हणालो. आणि इंग्रजीत सगळं सांगितलं. माझी जात. बूट. फाइल. आत्ताचं वाक्य, शब्दाला शब्द. व्याकरण चुकत होतं, पण थांबलो नाही. टीममधला एकही जण माझ्याकडे बघेना. बाई म्हणाली, "दॅट्स बिट्वीन यू गाइज," आणि पॅराशूट घेऊन आत गेली.

टीमची व्हॅन मला न घेता निघाली. नागपूरचा दार ओढताना म्हणाला, "कशाला बोललास यार? घ्यायचं सहन करून."

मंगळवारी फाइल गेली नाही. पुढे माझा प्रोजेक्टही गेला. कमी पगाराची नोकरी मिळाली ती लांब कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला. मुलगी शाळेच्या दारात रडली, "बाबा, व्हाय आर वी लीव्हिंग?" मी तिला खरं कारण सांगितलं. लहान आहे म्हणून लपवलं नाही.

नव्या ऑफिसात माझ्याआधी लीडचा फोन पोचला होता. तिथेही मराठी मॅनेजर, तिथेही जेवणाच्या टेबलावर मी आलो की कुजबुज. पहिल्याच आठवड्यात मी उभा राहिलो आणि म्हणालो, "बोला, मोठ्याने बोला. पण मराठीत जे बोलाल ते मी इथेच, सगळ्यांसमोर इंग्रजीत ऐकवीन. दर वेळी."

माझी नवी फाइल त्याच मॅनेजरच्या टेबलावर आहे. असू दे.