बोलणी खाण्याचे इंग्रजी

रागावणारी माणसे गिरगावात गल्लोगल्ली आहेत. पण आपल्या रागाला नेमका इंग्रजी शब्द कोणता, हे ठरल्याशिवाय तोंड न उघडणारा माणूस चर्नी रोडपासून लालबागपर्यंत एकच, आणि ते म्हणजे माझ्या पत्नीचे मामा. मामांची सारी नोकरी फोर्टातल्या एका कचेरीत मेमो लिहिण्यात गेली. राग साहेबांचा असे, शब्द मामांचे असत. उशिरा येणाऱ्या कारकुनाला कोणता शब्द द्यावा आणि फाइल हरवणाऱ्याला कोणता, याचा विचार ते वैद्याने मात्रा उगाळावी तशा सावकाशीने करीत. "जावईबापू, शब्द जरा जहाल पडला ना, तर माणूस सुधारायच्या ऐवजी आजारी पडतो," असे ते मला सांगत. निवृत्तीबरोबर कचेरी सुटली. उगाळणे सुटले नाही.

लग्नानंतर मी त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा वाडी चुकलो आणि फार उशिरा पोहोचलो. मामा दारातच म्हणाले, "या! भात तुमची वाट बघून बघून झोपला." मी ओशाळलो. स्वभावाने मी मवाळ. कुणाला लागेल असे बोलण्याची आणि कुणाचे लागेल असे ऐकण्याची मला सारखीच धास्ती. माझा चेहरा पाहून मामांनी खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नका. हे नुसतं 'चाइड' होतं. यात रागावणारा निम्मा हसत असतो, आणि ऐकणाऱ्याने पोटभर जेवायचं असतं." त्या दुपारी जेवल्यावर गॅलरीत सुपारी कातरत त्यांनी मला आणखी चार-पाच शब्द समजावले. ऊन रेंगाळले होते, माझे डोळे मिटत होते, आणि मला वाटत राहिले, की जगातला सगळा राग म्हणजे एक समुद्र आहे आणि हा माणूस त्याच्या काठी बसून शिंपले वेगवेगळे करतो आहे.

चाळीच्या एका बैठकीत पाण्यावरून जुंपली आणि चिटणीसांनी तावातावाने कुणाला तरी 'मी तुम्हाला रिप्रिमांड करतो' असे बजावले. मामा उठून उभे राहिले. "चिटणीस, 'रिप्रिमांड' करायला वरची खुर्ची लागते. इथे आपण सगळेच सतरंजीवर बसलोय. फार तर 'क्रिटिसाइज' करा. त्याला खुर्ची लागत नाही, नुसतं डोकं लागतं." "मग तर कठीणच आहे," असे मागून कुणीतरी म्हणाले आणि बैठक तिथेच संपली. बाजारात पापलेट चाचपून परत ठेवले म्हणून एका कोळणीने मामांना धारेवर धरले: "हात लावून लावूनच शिजवतोस काय रे म्हावरा?" पुढे तिने त्यांचा चष्मा, त्यांची पिशवी आणि त्यांच्या पूर्वजांचे एकूण खाणेपिणे यांचा समाचार घेतला. मामा भारल्यासारखे ऐकत उभे. परतताना म्हणाले, "याला म्हणतात 'बिरेट'. लांबलचक, खणखणीत, आणि समोरचा सुधारेल ही आशा शून्य! कचेरीत उभ्या जन्मात इतकं अस्सल ऐकलं नाही."

पुढेपुढे चाळीतली माणसे स्वतःला बसलेली बोलणी तपासायला त्यांच्याकडे आणू लागली. दुसऱ्या मजल्यावरची, परळच्या एका ऑफिसात नुकतीच लागलेली मुलगी एकदा मोबाइल घेऊन रडवेल्या चेहऱ्याने आली. मॅनेजरचा मेल होता. मामांनी तो दोनदा वाचला.

"मामा, काढतील का हो मला?"

"छे गं! हे 'अ‍ॅडमॉनिश' आहे. पुढच्या वेळी असं नको, म्हणतोय. ज्याला काढायचं, त्याच्याशी पुढच्या वेळेच्या गोष्टी कोण करतं? 'सेन्शर' असतं तर गोष्ट वेगळी. त्यात वरची मंडळी जमून आपली नापसंती जाहीर करतात. हा बिचारा एकटाच आहे."

"म्हणजे सॉरी लिहू?"

"लिही. आणि चहा घेऊन जा."

या साऱ्या शास्त्राला घरात एकच विरोधक होता, तो म्हणजे मामी. मामी लालबागच्या, मालवणाहून आलेल्या गिरणीकामगाराची लेक. त्यांच्या रागाला पोटभेद नव्हते; तो ओट्यापाशी सुरू होई आणि गॅलरीतल्या तुळशीपर्यंत पोहोचे. मामा मध्येच विचारीत, "अगं, हे 'रिब्यूक' धरू की 'स्कोल्ड'? 'रिब्यूक' म्हणजे एकच घाव, आणि 'स्कोल्ड' म्हणजे…" "माका काय्येक म्हायत नाय. तुमचा ता इंग्रजी शिजवा आणि ताच जेवा!" यावर मामा कृतार्थ चेहऱ्याने पानावर बसत.

गेल्या वर्षी मामींना अर्धांगाचा झटका आला. हातापायांत हळूहळू जोर आला. वाचा परतली नाही. शब्द परत येऊ शकतील, पण त्यांनी स्वतः बोलायची धडपड करायला हवी, असे डॉक्टर म्हणाले. बोलायला शिकवणाऱ्या एक बाई येत, कपाची, किल्लीची, मांजराची चित्रे दाखवीत. मामी भिंतीकडे तोंड करीत. मी एकदा धीर देण्यासाठी म्हणालो, "मामा, त्या नजरेने बोलतात की. पहिल्या दिवशी गॅलरीत तुम्ही सांगितलंत, ते 'रिप्रोच' असेल."

मामांनी मान हलवली. "'रिप्रोच'मध्ये राग थोडा आणि दुःख जास्त. पण ते करणाऱ्याची आपल्याकडून काही अपेक्षा उरलेली असते. हिच्या नजरेत माझ्याबद्दल तक्रारच नाही हो. त्याचंच भय वाटतं."

मग तो शिस्तीचा माणूस बिघडू लागला. चपला घालून स्वयंपाकघरात जाई, ओल्या हाताने बरणीतले मीठ घेई, दूध उतू जाताना शांतपणे पाहत बसे, दिवेलागणीला केर काढी. मामी खुर्चीतून पाहत आणि पुन्हा नजर वळवीत. मामांचे चित्त ठिकाणावर राहिले नाही, असे शेजारी कुजबुजू लागले. मलाही तसेच वाटले, हे कबूल केले पाहिजे.

एका रविवारी सकाळी मी गेलो, तेव्हा गॅसवर बांगड्याचे कालवण रटरटत होते आणि मामींची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवली होती. कालवणात तिरफळे टाकायची वेळ झाली. मामांनी ती बाजूला सारली आणि गोड्या मसाल्याचा डबा उघडला. वरणा-आमटीचा गोडा मसाला, आणि मालवणी बाईच्या बांगड्यांत! मामांनी चमचा भरला, मामींना नीट दिसेल असा उंच धरला आणि पातेल्यात उपडा केला.

वास दारापर्यंत आला. मामींची बोटे खुर्चीच्या दांड्यावर आवळली. ओठ थरथरले. बराच वेळ नुसता श्वासच बाहेर पडत राहिला, आणि मग खरखरीत, फुटका, पण स्पष्ट आवाज आला:

"मे… मेल्या!"

सबंध संसारात 'अहो'खेरीज कधी हाक न मारलेल्या बाईचा तो शब्द होता. मी खाली पाहिले. मामा काही नाव देतील म्हणून मी सवयीने थांबलो. पण त्यांना आज कुठलाच शब्द सुचत नव्हता. डोळे तसेच वाहू देत त्यांनी पुन्हा चमचा भरला, पातेल्यावर धरला आणि मी कधी न ऐकलेल्या हळू आवाजात विचारले, "अगं, अजून एक घालू?"

खाली वाडीत ऊन पसरत होते. मामी पुढचा शब्द शोधत होत्या, आणि आम्ही दोघे, कालवण तळाला लागते आहे याची पर्वा न करता, त्यांच्या ओठांकडे पाहत उभे होतो.