पाचशे एकातले बारा रुपये

माझ्या थोरल्या मुलीच्या, शेवंताच्या, लग्नाच्या एकाही फोटोत मला मिशी नाही. याला बँक जबाबदार आहे असं मी पुष्कळ वर्षं सांगत आलो. आता वय झालं, खरं सांगायला हरकत नाही. बँक जबाबदार होती, पण बारा रुपयांपुरतीच.

सत्तर सालानंतरची गोष्ट. गिरणीचा भोंगा अख्ख्या सोलापूरला उठवायचा, तेव्हाची. मी मूळचा करकंबचा, शिक्षण तिसरी (त्यातली दुसरी दोनदा), आणि गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. एका वर्षी बोनस मिळाला, त्यात उन्हाळ्यापर्यंत गाठीचे घालत गेलो आणि बरोबर पाचशे एक रुपये केले. चाळीत उभं राहून जाहीर केलं, "हे शेवंताच्या लग्नातल्या आहेराचं. आता ह्याला कुणी हात लावायचा न्हाय!"

आमच्याकडं मांडवात आहेर कर्ण्यावरून पुकारतात. कर्णा लई वाईट वस्तू! कुणी किती दिले ते सगळ्या गावाला कळतं, आणि कमी दिले तर शेजारच्या गावालाही कळतं. तेव्हा माझ्या नावापुढं "पाचशे एक" वाजलं पाहिजे, एवढीच माझी इच्छा होती.

पैसे घेऊन मी बँकेत गेलो. काउंटरवरच्या चष्मेवाल्या कारकुनानं विचारलं, "सेव्हिंग की करंट?"

मला दोन्हीतलं काही कळलं नाही. पण न कळल्याचं तोंडावर दाखवीन तर मी कसला! मी विचारलं, "सूतवाल्या शेठचं कंचं हाय?"

"त्यांचं करंट. पण काका, ते व्यापाऱ्यांचं असतं, त्यात व्याज..."

"शेठचं करंट, मग माझंबी करंट! मी काय कमी हाय व्हय?"

त्यानं पुन्हा तोंड उघडलं. मी मिशीवर हात फिरवला. त्यानं तोंड मिटलं आणि फॉर्म पुढं केला. (माझी मिशी त्या काळी एवढं काम सहज करायची. दोन्ही टोकं गालावर वळलेली, आणि साचे थांबले की पोरं तिच्याकडंच बघत बसायची.)

पासबुक घरी आणलं. आमच्या मंडळींनी त्याला हळदकुंकू लावलं, लाल फडक्यात गुंडाळलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. पाचशे एक म्हणजे पाचशे एक! त्यात एक रुपया टाकला नाही की काढला नाही.

त्या दिवाळीत बँकेचं पत्र आलं. इंग्रजीत. मंडळी हात पुसत बाहेर आल्या. "अवो, काय ल्हिवलंय?"

आता इथं मी म्हणायला पाहिजे होतं, की मला येत नाही. पण तिला लग्नापासून वाटायचं, की यांना सगळं वाचता येतं. तो गैरसमज मी मोठ्या कष्टानं वाढवला होता. मी कागद लांब धरला, जवळ धरला, मान हलवली आणि म्हणालो, "काय न्हाय. दिवाळीचं शुभ चिंतलंय बँकेनं."

"अगं बया! लई मायाळू मानसं!" म्हणून तिनं त्या पत्रालाही कुंकू लावलं आणि पासबुकाशेजारी ठेवलं.

दुसरं पत्र आलं ते नेमकं संक्रांतीला, गड्ड्याच्या यात्रेत. ते मी तिळगुळाचं ठरवलं. तिसरं मात्र भर वैशाखात आलं. सण नाही, वार नाही! ती समोर उभी. मी कागद उलटा करून बघितला. शेवटी तोंडातून निघून गेलं, "मॅनेजरसायबाला मुलगा झाला."

त्याच संध्याकाळी ती टोपडं विणायला बसली.

खातं काढल्याला दोन वर्षं झाली आणि शेवंताचं माढ्याला जमलं. सुपारी फुटली त्या दिवशी मी व्याह्यांसमोर छातीवर हात मारून सांगितलं, "आहेर पाचशे एकाचा. कर्ण्यावर ऐका!" आणि लग्नाला आठ दिवस राहिले तेव्हा पासबुक घेऊन बँकेत गेलो. चष्मेवाल्यानं त्यात चार ओळी लिहिल्या आणि म्हणाला, "शिल्लक चारशे एकोणनव्वद."

"कुणाची?"

"तुमची, काका."

"माझे पाचशे एक हायत."

"दर सहा महिन्याला तीन रुपये आकार लागला. करंट खात्याला लागतो. चारदा लागला, बारा रुपये."

"आकार? कशाचा आकार? दोन वर्ष माझं पैसं हितं गप बसल्यात. कवा चहा मागितला का? कवा पंख्याखाली बसल्यात का? उलट त्यास्नी घेऊन तुमीच कुणाला कर्ज दिलं असंल! मग तीन रुपये कोण कुणाला द्यायचं?"

रांगेतली माणसं हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, "बराबर हाय की!" मला आणखी चढलं.

"तुम्हाला पत्रं पाठवली होती," चष्मेवाला म्हणाला.

"पत्र? मला?" मी आवाज असा लावला की दारावरचा बंदूकवाला शिपाई आत बघायला लागला. "ह्याबद्दल एक ओळ जरी घरला आली असंल, तर हितंच बसून मिशी काढीन!"

आणि तरातरा घरी आलो. मंडळी म्हणाल्या, "बारा रुपये पगारातनं घाला की वरनं. कर्ण्याला काय कळतंय?"

"मला कळतंय!" मी ओरडलो. "बारा रुपयाचा सवाल न्हाय. त्येंनी माझ्या पाचशे एकाचा एक बी खाल्ला आनि वर अकरा!"

तिनं देव्हाऱ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "उद्या मी येते. इतकी चांगली मानसं हायत, नीट बोललं तर ऐकत्याल."

दुसऱ्या दिवशी ती नऊवारी नीटनेटकी नेसून माझ्यापुढं निघाली. हातात लाल फडक्यातलं गाठोडं. मला वाटलं, साहेबाला शेंगाची चटणी घेतली असेल. मी काही विचारलं नाही. (विचारायला पाहिजे होतं!)

मॅनेजर तरणा पोरगा निघाला. आम्हाला खुर्च्या दिल्या. मी घसा साफ केला, तेवढ्यात मंडळींनीच सुरुवात केली.

"सायेब, बाळ कसं हाय?"

"कुणाचं बाळ?"

"तुमचं की! आता चालाय लागलं असंल." आणि गाठोडं सोडून तिनं टेबलावर पिवळं टोपडं ठेवलं.

साहेब कानापर्यंत लाल झाला. दाराशी चष्मेवाला उभा होता, त्याच्याकडं बघत म्हणाला, "मावशी, माझं अजून लग्न व्हायचंय."

"पन तुमीच तर पत्रानं कळवलंत!" असं म्हणून तिनं तिन्ही पत्रं काढली. कुंकवानं माखलेली, एकाला अक्षता चिकटलेल्या. "ह्ये दिवाळीचं, ह्ये तिळगुळाचं आनि ह्ये बाळाचं. येवढी माया लावता, मग आमचं पैसं का कापता?"

मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर एक टांगा उभा होता. त्यात बसून थेट करकंबला जावं असं फार वाटलं.

साहेबानं कुंकू झटकून पत्र वाचलं आणि मराठीत सांगितलं, "आपल्या चालू खात्यात व्यवहार होत नाही. या खात्यावर व्याज नाही आणि सहामाही आकार लागतो. तरी बचत खातं करून घ्यावं." दुसऱ्यात तेच. तिसऱ्यातही तेच, फक्त शेवटी "कृपया" दोनदा.

त्यानं तिन्ही पत्रं नीट घडी घालून ठेवली. मग साहेब माझ्याकडं वळून म्हणाला, "काका, एक खरं सांगा. ही पत्रं तुम्ही वाचली असतील आणि तरी आला नसाल, तर मला काही करता येणार नाही. पण तुम्हाला इंग्रजी येत नसेल, तर चूक आमची. ज्याला वाचता येत नाही त्याला इंग्रजीत कळवलं, म्हणजे कळवलंच नाही. मग बाराच्या बारा परत करतो."

"त्यास्नी येतंय की!" मंडळी ताडकन म्हणाल्या. "समदं येतंय!"

आता बघा माझी दशा! येतं म्हणावं, तर बारा रुपये गेले आणि कर्ण्यावर पगाराची भेसळ. येत नाही म्हणावं, तर वीस वर्षांचा संसार गेला. मी टोपड्याकडं बघितलं. फार बारीक विणलं होतं.

"न्हाय येत," मी म्हणालो.

"काय?" मंडळी.

"विंग्रजी. न्हाय येत मला."

तिनं टोपडं टेबलावरनं उचललं. मग सावकाश म्हणाली, "आनि माझ्या भावाची तार आल्ती, ती?"

"ती... अंदाजानं."

"तरीच! त्यो बरा हाय म्हनून तुमी सांगितलं, आनि त्यो पाय मोडून दवाखान्यात!"

साहेब रुमालात तोंड घालून खोकत होता. त्यानं चष्मेवाल्याला बोलावून बारा रुपये परत जमा करायला लावले आणि खातं बचतीचं करून दिलं. मी उठलो, तर दारात बंदूकवाला शिपाई आडवा.

"काका, पत्रं आली होती म्हणायची. बोलवू का न्हाव्याला? समोरच बसतो."

"राहू दे रे," साहेब म्हणाला. "काका, गंमत होती ती."

तिथंच गप्प बसलो असतो तर मिशी वाचली असती. पण रांगेत कालचीच दोन माणसं होती आणि माझ्या ओठाकडंच बघत होती. "शब्द म्हंजी शब्द!" मी म्हणालो आणि बँकेच्या पायरीवर बसलो. न्हाव्यानं पंचवीस पैसे घेतले. ते बँकेनं भरून दिले नाहीत.

लग्न थाटात झालं. कर्ण्यावर माझ्या नावापुढं "पाचशे एक रुपये" वाजलं, दोनदा वाजलं, आणि सगळा मांडव मला शोधायला लागला. व्याही माझ्याच खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाव्हणं, नवरीचा बाप कुटं गेला वो? मिशीवाला?"

मंडळी चार महिने गरजेपुरतं बोलल्या. टोपडं पुढं शेवंताच्या पोराला झालं. घरी आलेला कागद तेव्हापासून त्या आधी शेजारच्या मास्तरांना दाखवतात आणि मग मला.

मिशी मी लगेच परत ठेवली. पण काढली होती तेवढी काही ती पुन्हा भरली नाही, दर वर्षी थोडी कमीच होत गेली. तीसुद्धा मी करंट खात्यातच ठेवली असणार!