मॅडमचा आदेश, माझी खात्री

कॅप्टन सायली देव आमच्या कंपनीत हजर झाल्या तो सोमवार होता. सकाळी ०६:१५, पीटीचं फॉल-इन. पुण्यातली आमची इंजिनिअर कंपनी. पूल टाकणं, रस्ता मोकळा करणं, बोटी चालवणं ही कामं. मी सुभेदार बबन काळभोर, गाव लोणी काळभोर. तेव्हा माझी सव्वीस वर्षं नोकरी झाली होती. एवढ्या वर्षांत बाई अधिकाऱ्याच्या हाताखाली काम केलं नव्हतं.

पहिला घोळ सॅल्यूटलाच झाला. मी "जय हिंद, सर" म्हणालो. मग घाईने "मॅडम" म्हणालो. मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं.

त्या म्हणाल्या, "जय हिंद, साहेब. दोन्हींतलं एक पुरे."

फौजेत अधिकारी सुभेदाराला साहेबच म्हणतात. मॅडमचं वय सत्तावीस, बोलणं अस्सल पेठेतलं. वडील शाळेत गणित शिकवायचे, हे नंतर कळलं.

त्याच दिवशी १६:०० वाजता मी कंपनीला एकत्र केलं. सांगितलं, मॅडमसमोर शिवी नको. थट्टा नको. बोलताना नजर खाली. आणि काही विचारायचं असेल तर आधी माझ्याकडे यायचं, मॅडमना त्रास द्यायचा नाही. माझी मुलगी त्या वर्षी खराडीला एका कंपनीत लागली होती. तिच्या ऑफिसातले पुरुष तिच्याशी जसे वागावेत असं मला वाटत होतं, तसंच मी माझ्या माणसांना सांगितलं. यात काही चुकतंय असं मनातही आलं नाही.

पुढचे तीन आठवडे मी हे नेटाने पाळलं. ग्राउंडवर मॅडमसाठी खुर्ची ठेवायला लावली. त्या बसल्या नाहीत, तरी रोज ठेवली. बोटीच्या सरावात त्यांचं नाव मी यादीत शेवटी टाकायचो, म्हणजे वेळ संपायची आणि पाण्यात उतरावं लागायचं नाही. त्यांनी एखादी गोष्ट सांगितली की माणसं आधी माझ्याकडे यायची.

"साहेब, मॅडमनी स्टोअर उघडायला सांगितलंय. उघडू?"

"उघड."

मला वाटायचं, काय छान शिस्त लागली आहे.

ऐकत नव्हता तो एकटा नाईक दत्ता शेलार. आमचा सगळ्यात चांगला बोटवाला. एकदा मॅडम बोटीच्या इंजिनाची दोरी ओढत होत्या आणि इंजिन सुरू होत नव्हतं. बाकीचे जमिनीकडे बघत उभे. दत्ता सरळ पुढे झाला.

"मॅडम, आधी चोक ओढा. असं ओढलं तर संध्याकाळपर्यंत सुरू होणार नाही."

"दाखवा," मॅडम म्हणाल्या.

त्याने दाखवलं. इंजिन सुरू झालं. मग त्यांनी त्याने बांधलेली गाठ बघितली आणि ही सुटेल म्हणाल्या. तो नाही म्हणाला. दहा मिनिटं दोघांचा वाद. शेवटी दोघांनी दोन बाजूंनी दोरी ओढली. गाठ सुटली. दत्ता मोठ्याने हसला, मॅडमही हसल्या.

मी त्याला बाजूला घेतलं. "अधिकाऱ्याशी वाद घालतोस? बाई माणूस आहे. जरा मान ठेव."

"ठेवला की साहेब. त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

मी त्याला दोन दिवस जादा गार्ड ड्युटी लावली.

चौथ्या आठवड्यात मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. "साहेब, माणसं माझ्याशी बोलताना जमिनीकडे का बघतात?"

"मान ठेवतात, मॅडम."

"मेजर साहेबांचा मान ठेवताना तर डोळ्यांत बघतात."

मेजर साहेब म्हणजे आमचे कंपनी कमांडर. मी सॅल्यूट करून बाहेर आलो. त्या रविवारी बायकोबरोबर मंडईत गेलो होतो. तिथल्या भाजीवाल्या बायकांशी मी समोर बघून, आवाज चढवून घासाघीस करतो आणि त्याही मला तसंच उत्तर देतात. त्यात कुणाचा अपमान होत नाही. मग कंपनीत काय वेगळं होतं? मेथीची जुडी हातात घेऊन मी तिथेच उभा राहिलो. बायको म्हणाली, "अहो, घ्यायची का नुसती धरायची?"

मॅडमशी पुन्हा बोलून घ्यावं असं ठरवलं होतं. ते राहून गेलं.

त्यानंतर दहा दिवसांनी पूर आला. नदीकाठच्या खोलगट भागात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढलं. ०९:२० ला आम्हाला हुकूम आला, ११:०५ ला आम्ही जागेवर होतो. तीन बोटी. मेजर साहेब कलेक्टर ऑफिसच्या माणसांबरोबर होते, त्यामुळे जागेवरची कमांड कॅप्टन देव यांच्याकडे होती. त्या पुलाच्या तोंडाशी उंचावर उभ्या राहिल्या, दुर्बीण घेऊन. तिथून वरचा प्रवाह दिसत होता. मी पुलाच्या दोनशे मीटर वरच्या अंगाला, काठाच्या वळणाआड, बोटी लागत होत्या तिथे. मला वळणापलीकडचा प्रवाह दिसत नव्हता.

१३:४० पर्यंत आम्ही एकसष्ट माणसं काढली. बोट नंबर दोन पुढच्या फेरीसाठी रिकामी निघाली. तिच्यावर हवालदार माने, दत्ता आणि आणखी एक जवान. रेडिओ मानेकडे.

१३:४२. रेडिओवर मॅडमचा आवाज. "बोट दोन, लगेच डाव्या काठाला या. वरून मोठं झाड येतंय. ओव्हर."

मी ते स्पष्ट ऐकलं. मानेनेही ऐकलं. त्याने मला बोलावलं.

"सुभेदार साहेब, मॅडम काठाला या म्हणतात. समोर गच्चीवर लोक हात करतायत. काय करू? ओव्हर."

"थांब. विचारतो. मॅडम, पक्कं आहे का? ओव्हर."

"साहेब, वळवा त्यांना. आत्ता!"

"माने, वळव."

बोट वळली. पण तोवर ती प्रवाहाच्या मधोमध गेली होती. झाड मुळांसकट आलं आणि बोटीच्या कुशीत बसलं. बोट पुलाच्या खांबावर आदळली. माने आणि दुसरा जवान पाण्यात फेकले गेले. लाइफ जॅकेट होतं, दोघांना दोर टाकून ओढलं. दत्ता बोट आणि खांबाच्या मध्ये सापडला. मॅडम स्वतः दोर बांधून खांबापर्यंत उतरल्या. त्याला सोडवायला आम्हाला सव्वीस मिनिटं लागली. तोवर तो गेला होता.

१४:३० ला मॅडमनी उरलेल्या दोन बोटी पुन्हा पाण्यात घातल्या. गच्चीवरचे लोक संध्याकाळपर्यंत काढले. त्यांच्या आदेशांवर त्या दुपारी कुणीच माझ्याकडे बघितलं नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची चौकशी, बसली. मानेने सांगितलं की बोटीवर दत्ता दोनदा ओरडला होता, "मॅडमनी सांगितलंय ना, वळवा!" तेव्हा मला हे पहिल्यांदा कळलं.

मला विचारलं गेलं, "आदेश स्पष्ट ऐकू आला होता?"

"होय, सर."

"मग खात्री का केली?"

"सवय, सर."

"हाच आदेश मेजर साहेबांनी दिला असता तर खात्री केली असती?"

मी खरं ते सांगितलं. "नाही, सर."

त्या विचारण्यात सुमारे चाळीस सेकंद गेले होते. तेवढ्यात बोट काठाला लागली असती का, यावर कोर्टाने ठाम काही लिहिलं नाही. मला लेखी ताकीद मिळाली. ताकिदीचं काही वाटलं नाही. मला शिक्षा नक्की कशाची झाली, हे मात्र समजून घ्यायचं होतं. मी मॅडमचा अपमान कधीच केला नव्हता. उलट सगळ्या कंपनीत त्यांना मीच जपत होतो.

मी त्यांच्याकडे गेलो. सॅल्यूट केला. "मॅडम, माफी मागायला आलोय."

"माफी राहू द्या, साहेब. एक सांगा. माझ्या हातून काय चुकेल असं तुम्हाला वाटत होतं?"

मी विचार केला. "काहीच नाही, मॅडम. तुमचं काम चोख होतं."

"मग?"

त्यांनी समोरची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"माणसं आधी तुम्हाला विचारतात, हे मलाही पहिल्या आठवड्यापासून दिसत होतं," त्या म्हणाल्या. "कडक शब्दांत थांबवायला हवं होतं. वाटलं, साहेब वडिलांच्या वयाचे आहेत, दुखावतील. तुम्ही मला जपत होतात, मी तुम्हाला. कामात असं जपणं बरं नव्हे, एवढंच मला कळलंय. बाकी मलाही कळलेलं नाही."

पुढच्या वर्षी मी रिटायर झालो. आता खराडीला एका ऑफिस इमारतीत सिक्युरिटीचा प्रमुख आहे. मध्यंतरी तिथल्या एचआरच्या तन्वी मॅडमनी सगळ्या पुरुष कर्मचाऱ्यांना बसवून, महिला सहकाऱ्यांशी कसं वागावं यावर कार्यक्रम ठेवला. मला म्हणाल्या, "काका, तुम्ही फौजेतले. शिस्तीचे. दोन शब्द बोला."

मी वर लिहिलेलं सगळं सांगितलं. कार्यक्रमात असं काही अपेक्षित नव्हतं. पुढच्या रांगेतला एक इंजिनिअर उठला. चिडलेला नव्हता, खरंच गोंधळलेला होता.

"काका, मग नक्की करायचं काय? बोललं तर प्रॉब्लेम, गप्प बसलं तर प्रॉब्लेम. तुम्ही तर मान ठेवत होता ना?"

"ठेवत होतो," मी म्हणालो. "त्यांना मान दिला. त्यांच्या शब्दाला दिला नाही. हे दोन वेगळे आहेत, हे मला माहीत नव्हतं. आजही माझं कुठे काय चुकतं ते मला दर वेळी कळतंच असं नाही. गेटवर दोन मुली गार्ड आहेत. परवा एकीने गाडी अडवली, तर मी निघालो होतो विचारायला, का अडवली म्हणून. अर्ध्या वाटेतून परत फिरलो."

तो खाली बसला. त्याचं समाधान झालं असं वाटलं नाही. माझंही झालं नव्हतं.

दत्ताची बायको सुनंदा आमच्याच गावात, लोणी काळभोरला, एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. दर वर्षी तो गेला त्या तारखेला मी तिच्या घरी जातो. देव मॅडमही येतात, आता त्या मेजर आहेत. गेल्या वर्षी त्यांना यायला उशीर झाला, म्हणून मी आणि सुनंदा दोघंच बसलो होतो. दत्ताच्या फोटोला हार घालून झाला होता. मी धीर करून विचारलं, "दत्ता देव मॅडमबद्दल घरी काय बोलायचा?"

"लई बोलायचे," ती म्हणाली. "फोनवर रोज त्येच. नव्या कॅप्टनला काम कळतं, चुकलो तर तोंडावर सांगतात, अशा माणसाबरोबर काम करायला बरं वाटतं."

मग तिने फोटोवरचा हार सरळ केला.

"पर साहेब, मला वाटलं कुणी पुरुष माणूस हाय. त्या बाई हायत, ह्ये मला ह्यांना मातीला आणलं त्या दिवशी कळलं. ह्यांनी सांगितलंच नव्हतं. विसरलेच असतील."

नाईक दत्ता शेलार. वय एकतीस. अकरा वर्षं नोकरी. बोट नंबर दोन.