मामांनी लिहून दिलेला दम

द हेगमध्ये लॅटिन जॅझवाले पुष्कळ असतील, पण ट्रामची घंटा तालात वाजली नाही म्हणून ड्रायव्हरला समजावायला जाणारा इसम एकच, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. सांगलीच्या लग्नाच्या बँडात ट्रम्पेट फुंकता फुंकता हा माणूस कुणा क्यूबन वादकांच्या नादी लागला आणि इथे येऊन पोचला. पंचवीस वर्षं वाजवलं. मग बर्फावर सायकल घसरली, समोरचे दोन दात गेले, ट्रम्पेट सुटलं, आणि मामा अरेंजर झाले, म्हणजे कोणी काय आणि कधी वाजवायचं ते लिहून देणारे. "आधी एकटा वाजवत होतो, आता दहा जणांकडून वाजवून घेतो," एवढंच म्हणाले. त्यांच्या कागदावर वाद्याचं नाव कधी नसे, माणसाचं असे. त्यासाठी तो माणूस आधी आमच्याकडे जेवायला यायचा. बायको पिठलं वाढायची आणि मामा तो बोलताना कुठे थांबतो ते बघत बसायचे.

कोविडच्या पहिल्या वर्षी मी आजारातून उठलो, पण दम काही माझ्याबरोबर उठला नाही. आमचा जिना डच, म्हणजे शिडीच. निम्म्यावर बसावं लागे. वाक्य पुरं होईना. आता जन्मभर असंच, या भीतीने मी बोलणंच सोडलं. एका गुरुवारी मामांनी दाराच्या फटीतून कागद सरकवला. वर माझं नाव. "जावईबापू, मुलीची शाळेतली बासरी काढा," फुटपाथवरून हुकूम आला. दोन मात्रांचा एकच सूर, पुढे नुसती विश्रांती. "विश्रांतीही वाजवायची असते. ती खाल्लीत तर पुढच्या गुरुवारी येणार नाही." मी खिडकीत फुंकायचो, ते खाली रेनकोटात मात्रा मोजायचे. दर आठवड्याला एखादी मात्रा वाढायची.

पुढच्या उन्हाळ्यात मामांचा बँड बागेत पुन्हा जमला. माझ्या कागदावर चार आवर्तनं होती. तिसऱ्याच्या शेवटी माझा दम संपला. लाज वाटायच्या आत सॅक्सोफोनवालीने माझाच सूर उचलला. नंतर तिचा कागद पाहिला, तर तिला तिथेच सुरू करायला लिहिलं होतं.

"मग मला चार का लिहून दिलीत?" मी विचारलं.

"तीन लिहिली असती तर तुम्ही दोनावर थांबला असतात."

हल्ली चारही सहज होतात. मामा त्यांच्या मुलीकडे आर्नहेमला राहायला गेलेत. समोर आभार मानले की ते विषय बदलतात, म्हणून इथे मानतो.